शंका आधी, युक्तिवाद नंतर

ज्या गोष्टीबद्दल कोणालाच शंका नाही, तिच्यासाठी युक्तिवाद करावा लागत नाही. पूर्वमीमांसेच्या आचार्यांनी हे आपल्या ग्रंथांच्या बांधणीतच पक्के करून ठेवले. मीमांसेत एका प्रश्नाच्या संपूर्ण चर्चेला अधिकरण म्हणतात. अधिकरणाची अंगे ग्रंथागणिक थोड्या फरकाने सांगितली जातात, पण त्यांचा मूळ क्रम तोच राहतो: आधी विषय, मग त्याविषयीचा संशय, मग पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, आणि त्यानंतर सिद्धान्त. स्वतःचे मत सांगण्याची पाळी शेवटाकडे येते. बोलताना किंवा लिहिताना मत पहिल्या वाक्यात सांगायलाही हरकत नाही. न्यायशास्त्र, म्हणजे न्याय दर्शनाची तर्कपद्धती, तेच करते. पण युक्तिवाद घडवताना पहिला प्रश्न एकच असतो: ऐकणाऱ्याला नेमकी कसली शंका आहे?

पटवून देणारी मांडणी फसते ती बहुतेक वेळा इथेच. लिहिणाऱ्याला माहिती ज्या क्रमाने सापडली, त्याच क्रमाने तो ती मांडतो, किंवा स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले कारण सर्वांत पुढे ठेवतो. ऐकणाऱ्याच्या शंकांना मात्र स्वतःचा क्रम असतो. अडचण खरोखर आहे का, ती हालचाल करण्याइतकी मोठी आहे का, सुचवलेला उपाय चालेल का, तो परवडेल का, आणि त्याचा बोजा कोणावर पडेल, असे प्रश्न साधारण एकामागून एक उठतात. ज्या पायरीवर समोरचा अडलेला आहे, तिच्या पुढच्या पायरीवरून कितीही चांगले बोलले तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव आणायचा आहे. ठराव मांडणारा सभासद हवामानबदलापासून सुरुवात करतो, मग सूर्यशक्तीचे फायदे सांगतो आणि शेवटी कोटेशन वाचून दाखवतो. समोर बसलेल्यांच्या डोक्यात त्या वेळी निराळेच काही चाललेले असते. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला धास्ती असते, की पॅनेलचे स्टँड ठोकताना वॉटरप्रूफिंग फुटले तर पावसाळ्यात पाणी त्यांच्याच छतातून टपकणार. तळमजल्यावर राहणाऱ्याला लिफ्टच्या विजेचे बिल कमी झाल्याने त्याच्या पदरात काय पडणार हे कळत नाही. खजिनदाराची नजर सिंकिंग फंडावर असते. यांच्यापैकी सौरऊर्जेच्या विरोधात कोणीच नाही, आणि म्हणूनच सौरऊर्जेच्या बाजूने दिलेले प्रत्येक कारण, खरे असूनही, त्या सभेत वाया जाते. ठराव मंजूर व्हायचा असेल तर बोलणे गच्चीपासून सुरू व्हायला हवे. स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभे करता येतील का, गळती झाली तर दुरुस्ती कोण करील, कंत्राटदार किती वर्षांची हमी लेखी देईल, हे आधी सांगायला हवे. मग खर्च. मग नेट मीटरिंगचा हिशोब: दिवसा तयार झालेली जादा वीज ग्रिडला जाते, ती सामायिक मीटरच्या बिलात वळती होते, आणि सामायिक बिल उतरले की सगळ्यांच्याच मेंटेनन्सवरचा भार हलका होतो. हवामानबदलाचा उल्लेख शेवटी एका वाक्यात आला तरी पुरतो. वगळला तरी ठराव अडत नाही.

प्रतिज्ञेचे माप

जे सिद्ध करायचे त्याला न्यायशास्त्र प्रतिज्ञा म्हणते. प्रतिज्ञा पुराव्याला पेलेल एवढीच मोठी असावी, हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार अवघड आहे, कारण मनात असलेली इच्छा नेहमीच पुराव्यापेक्षा मोठी असते. हा नियम जाणूनबुजून पाळल्याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांना देशात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण हवे होते. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्या दिशेने सुरुवात करावी आणि योजना आखण्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचे मंडळ नेमावे, असा ठराव आणला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. वर्षभराने, १६ मार्च १९११ रोजी, त्यांनी विधेयकच मांडले. ते वाचताना आज आश्चर्य वाटते ते त्याच्या आटोपशीरपणाचे. देशभर सक्ती करा, असे त्यात कुठेच नाही. ज्या नगरपालिकांना किंवा जिल्ह्याच्या लोकल बोर्डांना आपल्या हद्दीत सक्ती करावीशी वाटेल, त्यांना ती करू द्या, एवढीच त्याची मागणी होती. तीही सरकारची मंजुरी घेऊन, आणि ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण सरकारने ठरवलेल्या टक्केवारीला आधीच पोचले आहे अशाच भागात. सुरुवात फक्त ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपासून. महिन्याला दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसवण्याची मुभा, आणि मोठा वाटा सरकारने उचलावा ही अपेक्षा.

यातली प्रत्येक अट एकेका आक्षेपाचे उत्तर आहे. लोकांची तयारी नाही, असे म्हणणाऱ्याला टक्केवारीची अट आणि स्थानिक संस्थेचा स्वतःचा निर्णय उत्तर देतात. सूत्रे सरकारच्या हातून निसटतील, या भीतीला मंजुरीची अट. गरीब आईबापांवर जुलूम होईल, या आक्षेपाला फीमाफी आणि वयाची अरुंद मर्यादा. आक्षेपांना उत्तर देणारे भाषण पुष्कळांनी केले आहे. गोखल्यांनी उत्तरे थेट मागणीच्या कलमांत बसवली. विरोध करणाऱ्याला मग मोठ्या तत्त्वाआड लपता येत नाही, त्याला एवढ्याशा परवानगीलाही नाही म्हणावे लागते.

मात्र प्रतिज्ञा छाटण्याची किंमत असते आणि ती उघडपणे मोजली पाहिजे. या विधेयकात मुली नंतरसाठी ठेवल्या गेल्या. ज्या पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा उघडली गेली होती, त्याच पुण्याच्या नेत्याच्या मसुद्यात त्या मागे राहिल्या, ही लहान गोष्ट नव्हे. मागणी छाटताना काय गळाले आणि ते पुन्हा कधी मागायचे, हे मांडणाऱ्याने स्वतःशी लिहून ठेवलेले बरे, नाहीतर तात्पुरती माघार हळूहळू कायमची होते.

प्रतिज्ञा एकदा सांगितली की ती हलवू नये. वादात हार कशी ओळखायची याचे बावीस प्रकार न्यायसूत्रांनी सांगितले आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतली पहिली काही प्रतिज्ञेशीच संबंधित आहेत. आक्षेप आला म्हणून मूळ म्हणणे सोडून देणे ही प्रतिज्ञाहानी, आणि आक्षेप आल्यावर गुपचूप वेगळेच म्हणणे पुढे करणे हे प्रतिज्ञान्तर. दुसरा प्रकार आजच्या चर्चांत सर्रास आढळतो. 'ही योजना फसली' असे म्हणून सुरुवात करायची, आकडे विरोधात गेले की 'योजना राबवणाऱ्यांची वृत्तीच चुकीची' असे म्हणू लागायचे. ऐकणाऱ्याला ही सरकवासरकव नेमकी सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

कारण, उदाहरण आणि मधला सांधा

न्यायशास्त्राचे अनुमानवाक्य पाच अवयवांचे असते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या विस्तवाचे. डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर विस्तव आहे, हे निगमन.

शिकणाऱ्याला वाटते की यातला उपनय उगाच आहे. प्रत्यक्षात तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो. लोक प्रतिज्ञा सांगतात, कारण देतात, एखादी गोष्ट किंवा दाखला सांगतात आणि थांबतात. तो दाखला प्रस्तुत प्रकरणाला लागू कसा, हे सांगायचे विसरतात. मराठी गद्याच्या आरंभकाळी हे भान स्पष्ट दिसते. महानुभाव पंथातील केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टान्तपाठात श्रीचक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त आहेत, आणि प्रत्येकाची मांडणी तीन भागांत केलेली आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. दार्ष्टान्तिक म्हणजे दृष्टान्ताचा मूळ सूत्राशी जुळवून दाखवलेला संबंध. गोष्ट कितीही बोलकी असली तरी तिचा अर्थ ऐकणाऱ्यावर सोपवून न देता तो जोडून दाखवण्यासाठी स्वतंत्र जागा राखलेली आहे. आजच्या अग्रलेखांना आणि निवेदनांना ही शिस्त पुष्कळ उपयोगी पडेल.

सगळ्या मांडणीचा भार ज्यावर असतो ती गोष्ट म्हणजे व्याप्ती: धूर असेल तिथे विस्तव असणारच, हा कायमचा संबंध. तो उलटा करून चालत नाही. विस्तव असेल तिथे धूर असतोच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. नैयायिक या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात आणि ती हुडकून काढणे हे परीक्षकाचे मुख्य काम मानतात. 'अमुक तालुक्यात ठिबक सिंचनाने उत्पन्न वाढले, म्हणून आपल्याकडेही वाढेल' या वाक्यात उपाधी कुठे लपली आहे, हे जाणकार शेतकरी लगेच सांगेल: तिथली जमीन कसली, पाण्याचा उपसा किती, पीक कोणते, बाजार किती लांब.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच सांधा निराळ्या वाटेने दाखवला. त्यांच्या आराखड्यात दावा आणि आधार यांच्यामध्ये एक दुवा असतो, आणि बहुतेक युक्तिवादांत तो न बोलता गृहीत धरलेला असतो. त्या दुव्याला स्वतःचे पाठबळ लागते. शिवाय दावा किती खात्रीने करता येतो आणि कोणत्या परिस्थितीत तो लागू नाही, हेही सांगावे लागते. न्यायालयात माणसे प्रत्यक्ष कसा युक्तिवाद करतात याकडे पाहून त्यांनी हा आराखडा बांधला, म्हणून तो रोजच्या वादांना चपखल बसतो. त्याचा खरा उपयोग असा, की दुसऱ्याचे म्हणणे खोडताना घाव कुठे घालायचा ते कळते. आधार खोटा ठरवणे अवघड असते. दुवा बहुधा कच्चा असतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सरकारचे धोरण असे होते, की वरच्या वर्गांना उच्च शिक्षण द्यावे, ते आपोआप खालच्या थरांपर्यंत झिरपेल. पैसा किती खर्च होतो, महाविद्यालये किती निघाली, यावर फुल्यांनी वाद घातला नाही. त्यांनी न बोललेल्या दुव्यालाच हात घातला: शिकलेल्या वरच्या वर्गांनी खालच्यांना शिकवल्याचा अनुभव कुठे आहे? 'गुलामगिरी' या आपल्या पुस्तकाच्या १८७३ च्या प्रस्तावनेतही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि निवेदनात तो पुन्हा पुढे ठेवला. झिरपण्याचा हा दुवा निखळला की त्यावर उभे असलेले सगळे धोरण लोंबकळते. त्याला जोडूनच दुसरा मुद्दा येतो. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो. इथे दयेची याचना नाही, हिशोब आहे.

कारणांच्या संख्येबद्दल एक गैरसमज रूढ आहे: जितकी अधिक तितकी बळकट. न्यायसूत्रांनी याच्या उलट सांगितले. अवयव कमी पडला तर 'न्यून' हे निग्रहस्थान, तसेच एका हेतूने काम होत असताना आणखी हेतू आणि उदाहरणे लादली तर 'अधिक' हेही निग्रहस्थानच. या कडकपणामागे अनुभव आहे. सात कारणे दिली की विरोधक त्यांतले सर्वांत दुबळे उचलतो, ते खोडतो आणि सगळेच खोडल्याचा आव आणतो. ऐकणाऱ्यांनाही तसेच वाटते. दोन-तीन भक्कम कारणे, प्रत्येकाला पुरावा, एवढे पुरे. त्यांचा क्रम लावताना रोमन वक्तृत्वशास्त्रातला जुना सल्ला आजही कामी येतो: बळकट कारणे सुरुवातीला आणि शेवटी, जरा नरम असलेली मध्ये.

उदाहरण निवडण्याची कसोटीही न्यायसूत्रांनी दिलेली आहे. सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांनाही जे सारखेच मान्य असते, तो दृष्टान्त. ज्या दाखल्यावरच वाद होऊ शकतो त्याने दुसरा वाद मिटत नाही. गोखल्यांनी दाखले कसे निवडले ते पाहावे. ब्रिटिश भारतात त्या वेळी एकूण लोकसंख्येच्या अवघे १.९ टक्के लोक प्राथमिक शाळांत होते, हा आकडा त्यांनी पुढे ठेवला आणि पाश्चात्त्य देशांचे कितीतरी मोठे आकडे त्याच्याशेजारी मांडले. श्रीमंत पाश्चात्त्यांशी तुलना कशाला, या शंकेला जपान आणि फिलिपाइन्स हे उत्तर. आणि परक्या समाजांचे इथे काय, या शेवटच्या शंकेला बडोदे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला होता. तीच माणसे, त्याच जाती, तेच पाऊसपाणी, तीच गरिबी. फरक फक्त राज्यकर्त्याचा. या दाखल्यात उपाधी काढून दाखवणे सरकारला जड होते. दाखले जवळ जवळ येत जातात आणि प्रत्येक पाऊल आधीच्या शंकेवरून पुढे पडते, हे या मांडणीचे मोठेपण.

पूर्वपक्ष

विरोधकाचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने सांगण्याची प्रथा भारतीय शास्त्रग्रंथांत इतकी खोल गेलेली आहे, की ज्यांचे मूळ ग्रंथच उरले नाहीत अशी मतेही प्रतिपक्षाच्या लिखाणातून आजवर टिकली. चार्वाकांविषयी जे काही ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्यांचे खंडन करणाऱ्यांनी लिहिलेला आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाची सुरुवातच चार्वाक मतापासून होते. अर्थात विरोधकाने सांगितलेला पूर्वपक्ष पूर्ण न्याय्य असतोच असे नाही. म्हणून कसोटी अशी लावावी: आपण मांडलेला पूर्वपक्ष वाचून विरोधक 'हो, हेच माझे म्हणणे' असे म्हणेल का? म्हणणार नसेल तर त्याचे खंडन व्यर्थ आहे, कारण खोडले गेले ते म्हणणे कोणाचेच नव्हते.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडत राहणे ही वितंडा. वितंडा करणाऱ्याला हरवता येत नाही, पण त्याच्याकडून कोणाला काही मिळतही नाही. खंडनापाशी थांबलेला लेख वाचकाला ज्या जागी होता तिथेच सोडतो.

पूर्वपक्ष एकच असतो असेही नाही. ते अनेक असतील तर त्यांचा क्रम लावणे ही मांडणीतली सर्वांत कसबाची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'जातिनिर्मूलन' हे या कसबाचे असामान्य उदाहरण आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षीय भाषण म्हणून ते लिहिले गेले. मजकुरावरून मतभेद झाल्याने परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते १९३६ साली स्वतः छापले. मंडळाचे लोक जातीच्या विरोधातच होते. जात वाईट का, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती. तरीही भाषण त्यांच्या शंकेपासून सुरू होत नाही, कारण त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी बाहेरची दारे बंद करणे भाग होते. राजकीय सुधारणा आधी व्हावी असे म्हणणाऱ्यांना पहिले उत्तर आहे, आणि त्यासाठी सामाजिक परिषदेची राष्ट्रसभेपुढे कशी पीछेहाट झाली तो इतिहास येतो. मग समाजवादी येतात: मालमत्तेचे संबंध बदलले की सगळे बदलेल, असे म्हणणाऱ्यांना विचारलेला प्रश्न असा, की जातींनी विभागलेले कष्टकरी क्रांतीसाठी एकत्र येणार कसे? नंतर जातीचे समर्थक. जात म्हणजे श्रमविभागणी, या युक्तिवादाला उत्तर असे, की ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. वंशशुद्धीच्या युक्तिवादाला देवदत्त रामकृष्ण भांडारकरांच्या संशोधनाचा दाखला, की हिंदुस्थानात परक्या रक्ताची सरमिसळ झाली नाही असा समाज शोधून सापडत नाही. पुढे गुणांवर आधारलेल्या चातुर्वर्ण्याची कल्पना. त्यानंतर सुधारकांचे स्वतःचे उपाय: पोटजाती मोडणे, सहभोजने, आंतरजातीय विवाह. आणि या सगळ्यांतून वाट काढत शेवटी तो मुद्दा येतो जो मंडळाला झेपला नाही: शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा गेल्याशिवाय जात जाणार नाही.

हाच मुद्दा पहिल्या पानावर ठेवला असता तर वाचकाने बाकीचे सगळे पर्याय मनाशी धरून त्याला विरोध केला असता. इथे तो पोचतो तेव्हा एकेक पर्याय तपासून बाजूला ठेवलेला असतो. पूर्वपक्षाशी असलेला प्रामाणिकपणा पुढेही दिसतो. महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये या भाषणावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका पुस्तकातच छापली आणि तिच्यापाठोपाठ आपले उत्तर.

खंडनात कबुलीलाही जागा असते. विरोधकाच्या म्हणण्यातले जे खरे आहे ते मान्य करावे, आणि ते उत्तर देण्याआधी करावे. नंतर केलेली कबुली नाइलाजाची वाटते.

बोलणारा कोण

ॲरिस्टॉटलने पटवून देण्याची तीन साधने सांगितली: तर्क, ऐकणाऱ्याच्या भावना आणि बोलणाऱ्याचे शील. तिसऱ्याला त्याने फार वजन दिले. फुल्यांच्या निवेदनात ते कसे येते हे पाहण्यासारखे आहे. शिक्षणाच्या बाबतीतला आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे ते सुरुवातीलाच सांगतात आणि आपण चालवलेल्या शाळांचा उल्लेख करतात. मर्यादा सांगितल्याने अधिकार कमी होत नाही. त्या मर्यादेच्या आतले प्रत्येक वाक्य अधिक भरवशाचे होते. पुढे सूचनांमध्ये तो अनुभव तपशिलांतून बोलू लागतो. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशोब, शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे. खेड्यातली शाळा जवळून पाहिलेल्या माणसालाच हे सुचते, आणि वाचणाऱ्याला ते कळते.

भावनेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. ती विशेषणांतून येत नाही, वस्तुस्थितीच्या निवडीतून येते. रयतेचा महसूल आणि रयतेची निरक्षर मुले ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की तिसऱ्या वाक्यात संताप व्यक्त करण्याची गरज उरत नाही. पुरावा येण्याआधी भावना आली तर ऐकणारा सावध होतो. पुराव्यानंतर आली तर ती त्याची स्वतःची असते.

निगमन

निगमन म्हणजे प्रतिज्ञेची पुनरुक्ती नव्हे. शब्द जवळपास तेच असले तरी प्रतिज्ञा सिद्ध व्हायची असते आणि निगमन सिद्ध झालेले असते. 'म्हणून' हा शब्द त्या दोहोंतला फरक सांगतो. व्यवहारातल्या युक्तिवादात या 'म्हणून'नंतर एक नेमकी कृती यावी लागते: कोणी, काय, केव्हा करायचे. 'सर्वांनी गांभीर्याने विचार करावा' या वाक्याने संपणारे निवेदन फाइलमध्ये जाते, कारण वाचणाऱ्याने करण्यासारखे त्यात काही नसते. सौर पॅनेलच्या ठरावाचे निगमन असे असेल: तीन कंत्राटदारांकडून गळतीच्या हमीसह कोटेशने मागवण्याचा अधिकार सभेने समितीला द्यावा. एवढ्याला नाही म्हणणे अवघड असते, आणि पुढच्या सभेत चर्चा प्रत्यक्ष आकड्यांवर होते.

गोखल्यांनीही १९१२ च्या मार्चमध्ये एवढेच मागितले. विधेयक वर्षभर प्रांतिक सरकारांकडे आणि लोकांकडे अभिप्रायासाठी फिरले होते. आलेले आक्षेप त्यांनी भाषणात एकेक करून घेतले, आणि शेवटी विधेयक मंजूर करा असे न म्हणता ते प्रवर समितीकडे पाठवा, असा प्रस्ताव मांडला. बॅरिस्टर जीनांनी पाठिंबा दिला. शिक्षण खात्याचे सभासद हार्कोर्ट बटलर यांनी सरकारतर्फे विरोध केला. कायदेमंडळात बहुमत सरकारी सभासदांचे होते. १९ मार्चला १३ विरुद्ध ३८ मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला.

मतदानापुरता युक्तिवाद हरला. पण त्याचे भाग इतके सुटे आणि तपासलेले होते, की दुसऱ्यांना ते उचलून वापरता आले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आणलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मंजूर होऊन कायदा झाला. सक्ती करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यात नगरपालिकांकडे ठेवला होता.